‘मीटिंगला जा’ एवढे सांगून भागत नाही

सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात कोणत्याही दिवशी फेरी मारा, दारूने आजारी पडलेले रुग्ण शोधावे लागत नाहीत. कुणाचे डोळे पिवळे झालेले असतात, कुणाच्या पोटात पाणी झालेले असते, कुणी रक्ताची उलटी होऊन आलेला असतो. एखाद्याचे हात थरथरत असतात आणि त्याला भिंतीवर मुंग्या चालताना दिसत असतात. आठ-दहा दिवसांत बहुतेकांची प्रकृती सावरते. सुटीच्या कार्डावर औषधांच्या खाली एक ओळ लिहिली जाते : ‘दारू पूर्ण बंद.’ रुग्ण मान डोलावतो, पत्नी हात जोडते आणि दोघे ऑटोत बसतात.

आता हा रुग्ण वाडीचा आहे असे समजा. वाडी म्हणजे अमरावती रोडवरची ट्रकची रांग, ट्रान्सपोर्टची कार्यालये, गोदामे, जवळच हिंगणा एमआयडीसी. ट्रकचालक, क्लीनर, हमाल, कारखान्यात पाळीवर जाणारा कामगार, सगळ्यांचा दिवस मोडून काढणारा. काम सुटले की घरी जाण्याआधी कुठे थांबायचे आणि कुणासोबत थांबायचे, हे वर्षानुवर्षे ठरलेले. रुग्णालयातून तो परत येतो तेव्हा यकृत थोडे सुधारलेले असते. नाका, दुकान आणि सोबती मात्र जिथल्या तिथे असतात. तो पुन्हा भरती होणार की नाही, हे पुष्कळदा पहिल्या काही आठवड्यांच्या संध्याकाळीच ठरून जाते.

त्या संध्याकाळींसाठी डॉक्टरकडे गोळी नाही. पण एक पत्ता आहे, आणि तो आपण डॉक्टर मंडळी नीट वापरत नाही. तो पत्ता म्हणजे दारू सोडलेल्या माणसांनीच चालवलेले स्वमदत गट. त्यांतला सर्वांत जुना आणि सर्वांत पसरलेला गट ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’, म्हणजेच ‘एए’.

सुरुवातच रुग्णालयाशी जोडलेली

एए ही काही डॉक्टरांच्या विरोधात उभी राहिलेली चळवळ नाही. तिचे दोन संस्थापक होते : न्यूयॉर्कचा शेअर दलाल बिल विल्सन आणि अमेरिकेतल्याच ओहायो राज्यातील ॲक्रन गावचे शल्यविशारद डॉ. बॉब स्मिथ. दोघेही पक्के दारुडे. दारू सुटल्यानंतर कामानिमित्त ॲक्रनला गेलेल्या बिलला एका संध्याकाळी पुन्हा पिण्याची तीव्र इच्छा झाली. तेव्हा त्याने बार सोडून दुसरा एखादा दारुडा शोधला. तो दारुडा म्हणजे डॉ. बॉब. १० जून १९३५ हा डॉ. बॉब यांचा शेवटच्या घोटाचा दिवस आणि तोच एएचा स्थापना दिवस मानला जातो.

पुढची गोष्ट डॉक्टरांनी लक्षात ठेवावी अशी आहे. तिसरा माणूस हवा म्हणून या दोघांनी ॲक्रनच्या रुग्णालयात फोन केला आणि तिथल्या परिचारिकेला विचारले, तुमच्याकडे दारूचा एखादा रुग्ण आहे का? होता. एक वकील. वारंवार भरती होणारा. दोघे त्याच्या खाटेशी जाऊन बसले आणि त्याला उपदेश न करता स्वतःच्या दारूची कहाणी सांगितली. तो वकील बरा झाला आणि एएचा तिसरा सदस्य ठरला. पहिला ‘रेफरल’ हा असा, एका परिचारिकेने केलेला.

भारतात एए १९५७ मध्ये दिल्लीत सुरू झाली. महाराष्ट्रात या विचाराला संस्थांचा आधार मिळाला. मुंबईत वांद्र्याला फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये सुरू केलेल्या ‘कृपा फाउंडेशन’ने एएच्या बारा पायऱ्यांना योगाची जोड दिली. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये ‘मुक्तांगण’ सुरू केले, त्यामागे पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंची देणगी होती. मुक्तांगणची एक ठळक ओळख अशी, की तिथून बरे झालेली अनेक माणसे पुढे तिथेच समुपदेशक आणि कार्यकर्ते झाली. ज्याने भोगले आहे तो नव्याला लवकर उमगतो, हे तिथे रोज दिसते.

एकत्र येऊन व्यसन सोडणे ही आपल्याला परकी गोष्टही नाही. गावाकडे एखाद्याने तुळशीची माळ घातली की त्याची दारू सुटते, ती एकट्या माळेने नव्हे. सोबत भजनी मंडळ असते, दिंडी असते, आणि ‘याला आता विचारू नका, याने माळ घातली’ असे म्हणणारे गाव असते. नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याचीही प्रतिज्ञा आहे, आणि ती लाखोंनी एकत्र उभे राहून घेतली. उलट बाजूही आपल्याला ठाऊक आहे. राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त सुधाकर बुडतो तो तळीरामाच्या सोबतीने, आणि त्या नाटकात पिणाऱ्यांचे ‘आर्यमदिरामंडळ’च आहे. माणसाला बुडवायला मंडळ लागत असेल, तर वर काढायला का लागू नये?

मीटिंगमध्ये होते तरी काय?

बहुतेक रुग्णांना आणि खरे सांगायचे तर बहुतेक डॉक्टरांनाही हे माहीत नसते. एखाद्या शाळेच्या, चर्चच्या किंवा समाजभवनाच्या खोलीत काही माणसे जमतात. साधारण तास-दीड तास बसतात. एकेक जण उठतो, आपले पहिले नाव सांगतो आणि स्वतःबद्दल बोलतो. दुसऱ्याला कुणी सल्ला देत नाही, मध्ये तोडत नाही. फी नसते. खर्चासाठी सदस्य आपसांतच ऐच्छिक वर्गणी काढतात. बाहेरची देणगी घेत नाहीत. सदस्य होण्यासाठी अट एकच : दारू सोडण्याची इच्छा. जात, पगार, हुद्दा कुणी विचारत नाही. तिथे ऐकलेले तिथेच ठेवायचे, हा अलिखित करार.

नव्या माणसाला जुना सदस्य आपला फोन नंबर देतो. पुढे त्यांतला एक जण त्याचा ‘स्पॉन्सर’ होतो, म्हणजे पाठीराखा. रात्री अकराला प्यावेसे वाटले तर डॉक्टरचा फोन लागणार नाही. स्पॉन्सरचा बहुधा लागतो. ‘जन्मभर सोडतो’ अशी शपथ इथे घेत नाहीत. फक्त आजचा दिवस प्यायचे नाही, एवढेच. ज्याने मुलांच्या डोक्यावर हात ठेवून दहा वेळा शपथ घेतली आणि दहा वेळा मोडली, त्याला हा चोवीस तासांचा हिशेब पेलतो.

पुरावा आहे का?

आरोग्याच्या स्तंभात हा प्रश्न विचारलाच पाहिजे. बराच काळ वैद्यकीय जगाला एएविषयी शंका होती आणि ती रास्त होती. जे स्वतःहून मीटिंगला जातात ते मुळातच जिद्दीचे असतील, मग श्रेय गटाला का द्यायचे? याचे उत्तर चांगल्या चाचण्यांतूनच मिळू शकत होते.

२०२० मध्ये कॉक्रेन या नामांकित संस्थेने अशा अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात २७ अभ्यास आणि १०,५६५ रुग्ण होते. रुग्णाला पद्धतशीरपणे एएशी जोडून देणारे उपचार आणि इतर प्रस्थापित मानसोपचार यांची तुलना केली, तर वर्षभरानंतर पूर्णपणे दारूमुक्त असणाऱ्यांचे प्रमाण एएशी जोडलेल्यांत सुमारे ४२ टक्के आणि इतरांत सुमारे ३५ टक्के आढळले. फरक चमत्काराचा नाही. पण दुसऱ्या बाजूलाही रिकामी पाटी नव्हती, प्रशिक्षित तज्ज्ञांचे उपचार होते. त्यांच्या बरोबरीने उभी राहणारी आणि फुकट मिळणारी गोष्ट आपण रुग्णाला सांगायची सोडून देतो, हे बरोबर नाही. पिण्याचे प्रमाण कमी होण्यासारख्या इतर निकषांवर मात्र गट आणि अन्य उपचार साधारण सारखेच ठरले, हेही सांगायला हवे.

हे घडते कसे, यावरही संशोधन झाले आहे. मोठा वाटा माणसाची सोबत बदलण्याचा निघाला. पिणारे मित्र कमी होतात, न पिणारे वाढतात, आणि लग्नात, पगाराच्या दिवशी, भांडणानंतर ‘आज नको’ म्हणण्याचा आत्मविश्वास येतो. वाडीच्या नाक्यावर संध्याकाळी सात वाजता नेमके हेच हवे असते.

चिठ्ठी आणि फोन यांतला फरक

आता मुद्द्याचे. डॉक्टर ‘मीटिंगला जा’ म्हणतात आणि रुग्ण जात नाही. मग डॉक्टर म्हणतात, ‘याला सोडायचीच नाही.’ हा निष्कर्ष घाईचा आहे, आणि तो १९८१ सालच्या एका छोट्या अमेरिकी अभ्यासाने दाखवून दिला.

त्या अभ्यासात फक्त २० रुग्ण होते. दहा जणांना नेहमीसारखी मीटिंगची माहिती, पत्ता आणि वेळ देऊन ‘जा’ म्हणून सांगितले. उरलेल्या दहा जणांसाठी समुपदेशकाने त्यांच्यासमोरच एका एए सदस्याला फोन लावला, रुग्णाशी बोलणे करून दिले, आणि त्या सदस्याने ‘मी तुम्हाला सोबत नेतो’ असे सांगितले. पहिल्या गटातला एकही जण मीटिंगला गेला नाही. दुसऱ्या गटातले दहाच्या दहा गेले. अभ्यास लहान आहे, पण पुढेही हीच दिशा दिसली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३४५ रुग्णांच्या अमेरिकी अभ्यासात ज्यांची अशी हाताला धरून गाठ घालून दिली होती, ते सहा महिन्यांनंतर गटात अधिक रमलेले आणि व्यसनाच्या बाबतीत अधिक सुधारलेले आढळले.

कारण समजायला पुस्तक लागत नाही. दारूने खचलेला, कर्जात बुडालेला, शेजाऱ्यांपासून तोंड लपवणारा माणूस अनोळखी खोलीचे दार एकट्याने ढकलणार कसा? दाराबाहेर कुणी वाट पाहत असेल तर तो ढकलतो. क्षयरोगाच्या रुग्णाला आपण ‘बाजारात औषध मिळते, घेत जा’ म्हणून सोडून देत नाही. औषध हातात देतो, घेतले का ते विचारतो. गटाचेही तसेच आहे.

म्हणून माझ्या डॉक्टर मित्रांना काही साधी कामे सुचवतो. एक, आपल्या भागातील तीन-चार जुन्या सदस्यांचे नंबर त्यांच्या संमतीने जवळ ठेवा. त्यात शक्य तर एक महिला असावी. दोन, रुग्णाची परवानगी घेऊन, तो समोर बसलेला असतानाच फोन लावा. तीन, पुढच्या भेटीत रक्तदाबाइतक्याच सहजपणे विचारा : ‘गेला होता का? कोण भेटले? नंबर घेतला का?’ एक मीटिंग आवडली नाही तर दुसरी बघायला सांगा, सगळे गट सारखे नसतात. चार, एएच्या काही मीटिंग सर्वांसाठी खुल्या असतात, तिथे स्वतः एकदा मागे बसून ऐका. जे पाहिलेले नाही ते दुसऱ्याला पटवून देता येत नाही.

आणि रुग्णालय प्रशासनासाठी एक विनंती. आठवड्यातून एक दुपार वॉर्डात एक खुर्ची आणि बरे झालेला एक माणूस, एवढे जमवता येईल. सरकारी तिजोरीवर याचा एक रुपयाचाही भार पडत नाही.

‘मले नाही जमत तिथं’

रुग्णांच्या हरकती ऐकून घ्याव्यात, कारण त्यात तथ्य असते.

‘तिथं सगळे बेवडे असतील.’ हो, होते. आता ते कामावर जातात, घरी पगार देतात. तेच तर बघायला जायचे आहे, भाऊ.

‘लोकं का म्हणतील?’ नाल्यात पडलेले लोकांनी पाहिले तेव्हा काही वाटले नाही, असे टोमणे मारू नयेत. गुप्ततेचा नियम समजावून सांगावा. वाडीत ओळखीचे भेटतील अशी भीती असेल तर शहरातल्या दुसऱ्या टोकाच्या मीटिंगला जाता येते.

‘मी देव मानत नाही.’ नागपुरात ही हरकत नेहमीची आहे आणि ती आदराने ऐकावी. बारा पायऱ्यांत आपल्याहून मोठ्या शक्तीचा उल्लेख आहे. ती शक्ती कोणती, हे ज्याने त्याने ठरवायचे असते. अनेक जण तिचा अर्थ ‘हा गट’ असाच घेतात. तरीही मन मानत नसेल तर सक्ती नको. समुपदेशन, व्यसनमुक्ती केंद्राचे पाठपुरावा गट, विहारातले किंवा वस्तीतले न पिणाऱ्यांचे मंडळ, असे दुसरे मार्ग आहेत.

‘मी गाडीवर असतो, आज रायपूर, उद्या मुंबई.’ ट्रकचालकाला उलट ही सोय आहे. मोठ्या शहरांत गट आहेत, ऑनलाइन मीटिंगही होतात. ढाब्यावर गाडी उभी करून कानात इअरफोन घालता येतो.

घरच्यांसाठीही जागा आहे

पत्नी, आई, मुले यांचा आजार कार्डावर लिहिला जात नाही. त्यांच्यासाठी ‘अल-ॲनॉन’ हा वेगळा गट आहे, १९५१ पासून. तिथे नवऱ्याची दारू कशी सोडवावी हे शिकवत नाहीत. त्याच्या दारूभोवती फिरणारे आपले आयुष्य कसे सावरावे, हे एकमेकींकडून उमगते. नवरा मीटिंगला जायला तयार नसला तरी ताई स्वतः जाऊ शकते. मारहाण होत असेल तर मात्र गटाची वाट पाहू नये. १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करावा. आधी जीव, मग व्यसनमुक्ती.

इथे सावध राहा

गट हे औषधाला पर्याय नाहीत. रोज भरपूर पिणाऱ्याने कुणाच्या सांगण्यावरून एका रात्रीत दारू बंद केली, तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम, भास, ताप अशी जिवावरची अवस्था येऊ शकते. हात थरथरणे, घाम, झोप उडणे, छातीत धडधड ही सुरुवातीची लक्षणे दिसली की रुग्णालय गाठावे. आधी शरीर सुरक्षितपणे दारूतून बाहेर काढायचे, थायमिनसारखी जीवनसत्त्वे द्यायची, मग मीटिंग.

दारूची ओढ कमी करणारी औषधे आज उपलब्ध आहेत आणि ती गटासोबत चालतात. एखादा उत्साही सदस्य ‘गोळ्या कशाला, मनाने सोड’ म्हणालाच, तर ते त्याचे वैयक्तिक मत समजावे. सदस्यांनी डॉक्टर होऊ नये, असे एएचे स्वतःचेच साहित्य सांगते. नैराश्य, मनोविकार किंवा फिट्सची औषधे कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नयेत.

भिंतीवरच्या जाहिराती ‘पेशंटच्या नकळत दारू सोडवा’ म्हणून सांगतात, त्यांच्यापासून दूर राहा. अशा पुड्यांत काय असते याचा भरवसा नाही. डायसल्फिरॅमसारखे औषध भाजीत लपवून दिले आणि त्या माणसाने वर दारू घेतली, तर रक्तदाब कोसळून प्राणावर बेतू शकते. ते औषध रुग्णाच्या संमतीने आणि देखरेखीखालीच द्यायचे असते.

आणि घसरण झाली तर? होते. महिनाभर न पिता राहिलेला माणूस एखाद्या लग्नात पितो आणि शरमेने ना दवाखान्यात येतो, ना मीटिंगला जातो. मधुमेही रुग्णाने सणाला गोड खाल्ले म्हणून आपण त्याचे इन्सुलिन बंद करत नाही. त्याला परत बोलावतो. गटही परत आलेल्याला पहिल्या दिवसासारखाच चहा देतो. दवाखान्याने त्यात मागे राहू नये.

३८ मधला एक

केंद्र सरकारसाठी ‘एम्स’ दिल्लीने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे ५.७ कोटी लोकांना दारूच्या समस्येसाठी मदतीची गरज आहे. दारूवर पूर्णपणे अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कोणत्याही प्रकारची मदत किंवा उपचार मिळाल्याचे त्यात आढळले. बाकीच्या ३७ जणांना पुरतील एवढे मानसोपचारतज्ज्ञ आपल्याकडे नाहीत आणि नजीकच्या काळात होणारही नाहीत. पण त्यांतले बरेच जण कधी ना कधी कावीळ, अपघात, पोटदुखी किंवा फिट घेऊन आपल्याच ओपीडीत येतात. तीच वेळ असते. घाबरलेला असतो, ऐकण्याच्या मनःस्थितीत असतो. त्या दहा मिनिटांत एक फोन होऊ शकतो.

वाचकांपैकी कुणाच्या घरी हा प्रश्न असेल, तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन निःशुल्क आहे. मन फार खचले असेल, जीव नकोसा झाला असेल तर १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर केव्हाही बोलता येते. नागपुरात एएचे गट आहेत. मीटिंगच्या जागा आणि वेळा बदलतात, त्यामुळे निघण्याआधी फोन करून खात्री करून घ्यावी. आणि पहिल्या दिवशी त्या माणसाला एकटे पाठवू नका. भाऊ असो, मेहुणा असो की शेजारचे काका, कुणीतरी दारापर्यंत सोबत जा.